नसलेला उंबरठा

आईला धायरीच्या फ्लॅटवर आणून आता सात महिने झाले. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की हॉलमधून स्वयंपाकघरात जाताना ती दर वेळी उजवा पाय जरा जास्तच उचलते. आधी वाटलं गुडघा दुखत असेल, कारण दुखणं सांगायची तिला सवयच नाही, म्हणून दोन दिवस मी तिच्या मागे मागे फिरून बघितलं, तर बेडरूममध्ये शिरताना तेच, बाथरूममध्ये शिरताना तेच, आणि एरवी हॉलभर चालताना मात्र काही नाही. गुडघा ठीक होता. पाय फक्त दारात उचलला जात होता.

नारायण पेठेतल्या वाड्यात ती बेचाळीस वर्षं राहिली. दोन खोल्या, एक गॅलरी आणि तीन उंबरठे. वीतभर उंच, सागवानी, मधोमध झिजून खोलगट झालेले. फ्लॅटमध्ये मेन डोअरला काळ्या ग्रॅनाइटची एक पट्टी आहे तेवढीच, आत सगळीकडे टाइल्स सलग. आणि आई त्या नसलेल्या उंबरठ्यावरून पाय टाकते. विचारलं तर म्हणाली, "मी? काहीतरीच काय गं." तिला खरंच माहीत नव्हतं.

वाडा रिडेव्हलपमेंटला गेलाय. आम्ही भाडेकरू, नवीन बिल्डिंग झाली की आम्हाला त्यात मालकीची जागा मिळणार असं अ‍ॅग्रीमेंट झालंय, तोपर्यंत हे धायरीचं भाड्याचं घर. म्हणजे माझ्या आईच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा एक घर लागणार आहे, सत्त्याहत्तराव्या वर्षी, आणि ते घर अजून उभंच राहिलेलं नाहीये. आणि जे घर तिचं कधीच नव्हतं, ज्याची भाडेपावती शेवटपर्यंत बाबांच्या नावाने फाटली, ते तिच्या पायात बसलंय. हे बघितल्यापासून माझं असं झालंय की घर या विषयावरचं आजवर जे जे वाचलं आणि पाहिलं ते सगळं मी त्या एका उचललेल्या पायाच्या बाजूने परत बघतेय.

१९८३ ला पुण्यात आलो तेव्हा मी सहावीत होते. शाळेत, वाड्यात, वाण्याच्या दुकानात, सगळीकडे एकच प्रश्न, तुम्ही मूळचे कुठले? आमच्या आडनावात एक गाव आहे, पण त्या गावात बाबांच्या आजोबांनंतर कोणी राहिलेलं नाही, मी ते गाव एसटीच्या खिडकीतून एकदा पाहिलंय. बाबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर होते. माझा जन्म भीमानगरचा, उजनी धरणाच्या कॉलनीतला, मग पैठण, मग दोन वर्षं नाशिकच्या बाजूला, मग पुणं. त्यामुळे मी त्या प्रश्नाला कधी भीमानगर सांगायचे, कधी पैठण, ज्या दिवशी जे आठवेल ते. एका मैत्रिणीच्या आजी म्हणाल्या, "अगं ते राहिलात कुठे ते झालं, मूळचे कुठले?" तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की राहणं वेगळं आणि मूळचं असणं वेगळं, आणि मूळचं असायला आपण तिथे राहिलेलं असण्याची गरजच नाहीये.

अविनाश अरुणचा 'किल्ला' २०१५ ला थिएटरमध्ये पाहिला तेव्हा मी मध्येच आवाज दाबून रडले होते, आणि ज्या सीनला रडले तिथे आजूबाजूचं कोणी रडत नव्हतं. त्यातला चिन्मय पुण्याहून कोकणात येतो, वडील गेलेले, आईची बदली झालेली. मी नेमकी उलट्या दिशेने आले होते, लहान गावातून पुण्यात, पण नव्या वर्गाच्या दारात दप्तर घेऊन उभं राहताना पोटात जे होतं ते दोन्ही दिशांना सारखंच असतं. आणि तिथल्या पोरांशी, त्या समुद्राशी कुठे सूत जुळतंय तोवर परत बदली. बदलीवाल्यांच्या मुलांना विचारा, आम्ही सामान कसं ठेवतो ते. मी लग्न होऊन तीस वर्षं एका घरात आहे, पण मिक्सरचा, टीव्हीचा, कशाचाच खोका अजून टाकू शकत नाही. माळ्यावर सगळे खोके आहेत.

बाबांबद्दल लिहायचं तर जरा थांबून लिहावं लागेल. धरणाच्या कॉलनीत लहानपण काढलेल्या माणसाने घराबद्दल लिहिताना हे टाळू नये असं मला वाटतं. आमचं ते टुमदार क्वार्टर, पुढे जास्वंद, मागे शेवगा, ते उभं होतं कारण शेजारच्या नदीकाठची गावंच्या गावं उठत होती. बाबा तेव्हा नोकरीत नवीन. ते सांगायचे, लोक घरं सोडून नुसते जात नव्हते, घरं उतरवून नेत होते. कौलं, वासे, तुळया, दारं चौकटीसकट, सगळं बैलगाडीत. एका म्हाताऱ्याने दाराची चौकट काढली, गाडीत चढवली, आणि मग पहार घेऊन उंबरठा खणायला बसला, तो जमिनीत घट्ट बसलेला, निघेना. मुलगा म्हणत होता राहू दे, नवीन करू. म्हातारा म्हणाला, नवीन करशील रे, पण माझ्या आईने याच्यावर रांगोळी काढलीय. बाबांनी आणि खात्याच्या दोन माणसांनी मिळून तो उंबरठा काढून दिला. बाबा ही गोष्ट सांगताना नेहमी तिथेच थांबायचे, पुढे म्हातारा कुठे गेला ते कधी सांगितलं नाही, बहुतेक त्यांनाही माहीत नसावं.

विश्वास पाटलांची 'झाडाझडती' आली १९९१ ला, पुढच्या वर्षी तिला साहित्य अकादमी मिळालं. धरणासाठी उठवलेल्या माणसांची कादंबरी, पाणी कोणाला आणि पुनर्वसन कोणाचं याची. बाबांनी ती सलग चार रात्री वाचली, पाचव्या दिवशी लायब्ररीत परत केली आणि आईला एवढंच म्हणाले की सगळं खरं आहे. आपल्याकडे 'उंबरठे झिजवणे' असा वाक्प्रचार आहे, त्याचा नीट अर्थ मला तेव्हा लागला. स्वतःच्या घराचा उंबरठा गेलेली माणसं आयुष्यभर कचेऱ्यांचे उंबरठे झिजवतात. आपल्या पुणे जिल्ह्यातच मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ साली धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता, सेनापती बापट त्यात होते, म्हणजे ही गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे. उन्हाळ्यात उजनीचं पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, लोक होडीने जातात, फोटो काढतात. मी पण गेलेय एकदा. देवळाचा फोटो मी नाही काढला. मला आजूबाजूच्या चिखलात घरांची जोती दिसत होती, चौकोन चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात एक जागा अशी दिसत होती जिथे दार असणार.

आणि मग आम्ही येऊन राहिलो कुठे, तर नारायण पेठेत. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटून पूर आला तेव्हा नदीलगतच्या पेठांमध्ये जे झालं ते पुण्यात वेगळं सांगायला नको. आमच्या मालकीणकाकू जिन्याच्या भिंतीवर एक जागा दाखवायच्या, इथवर पाणी. रंग कितीही दिला तरी ती रेघ त्यांना दिसायची, आम्हाला नाही दिसायची, पण काही वर्षांनी मलाही दिसायला लागली. त्यांची सख्खी बहीण तीन गल्ल्या सोडून राहायची, तिचा वाडा बसला आणि ते लोक गोखलेनगरला गेले, पूरग्रस्तांच्या वसाहतीत. लोकमान्यनगर, सहकारनगर, पुण्याचे असे कितीतरी भाग त्या एका दिवसाने वसवले किंवा वाढवले. ती बहीण दर दिवाळीला यायची तर आधी आमच्याकडे नाही यायची, आधी जाऊन जिथे तिचा वाडा होता तिथे नव्या बिल्डिंगसमोर उभी राहून यायची. काकू म्हणायच्या, माहेरी आल्यासारखी येते आणि सासरच्या रिकाम्या जागेला नमस्कार करते.

माहेर या शब्दावर मला एक वेगळा लेख लिहायचाय कधीतरी. बहिणाबाईंनी योग्याला सुनावलंय ना, लेकीच्या माहेरासाठी माय सासरी नांदते, त्या एका ओळीत घराचा सगळा कारभार आलाय. माझं माहेर म्हणजे त्या दोन भाड्याच्या खोल्या. आता माझं माहेर धायरीत आहे, कारण आई धायरीत आहे.

वाड्याबद्दल हळवं होऊन लिहिणारे आम्ही बरेच जण आहोत, दिंडी दरवाजा, चौक, कोनाडे, हौद, जिन्याला धरायला बांधलेला दोर. मलाही ते सगळं आवडतं. पण आमच्या वाड्याला एक मागचं दार होतं, संडासांच्या बाजूला, आणि सफाईला येणाऱ्या मावशी फक्त त्या दाराने यायच्या. कोणी त्यांना सांगितलेलं मी ऐकलं नाही, सांगायची वेळ येऊ नये इतकं ते पक्कं होतं. त्या वाड्यात मी बारा वर्षं राहिले, लग्नापर्यंत, आणि मावशींना पुढच्या उंबरठ्यावरून आत येताना एकदाही पाहिलं नाही, आणि हे मला तेव्हा खटकलं नाही, हे मात्र आज खटकतं. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ चं, लक्ष्मण मानेंचं 'उपरा' १९८० चं, मी दोन्ही कॉलेजात वाचली. 'उपरा'मध्ये कैकाडी समाजातलं ते कुटुंब, सगळं बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर, गावाबाहेर पाल पडणार आणि गावाने सांगितलं की उठणार. त्यांना कोणी मूळचे कुठले विचारलं तर काय सांगायचं? मला त्या प्रश्नाने लहानपणी त्रास दिला म्हणून मी स्वतःला फार उपरी समजत होते, ते पुस्तक वाचल्यावर तो शब्द मी स्वतःसाठी वापरणं बंद केलं. तो शब्द त्यांनी किंमत मोजून घेतलेला आहे.

महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' मी टिळक स्मारकला पाहिलं, आई बरोबर होती. धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा, वडील गेलेत, मुंबईचा मुलगा सुतकात येऊन पोचलाय, अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर, आणि तेराव्याच्या खर्चाला घरात पैसा नाही. लोक या नाटकाबद्दल बोलताना एका वर्गाचा ऱ्हास वगैरे बोलतात, ते आहेच. पण मला त्यातल्या बायका दिसतात. वहिनी एका रात्री घराण्याचे सगळे दागिने अंगावर घालते तो प्रसंग. तो सगळा वाडा ती झाडते, सारवते, चालवते, आणि त्या वाड्याचं म्हणून काही तिच्या अंगाला लागतं ते फक्त त्या एका रात्री. आणि प्रभा, जिला शिकायचं होतं, जिला शिकू दिलं नाही, ती त्याच वाड्यात जन्मलेली, तरी वाडा तिचा नाही, आणि बाहेर जायला वाट पण नाही. परत येताना रिक्षात आई म्हणाली, "त्या प्रभाला एक खोली जरी दिली असती ना कुलूप लावायला." बास एवढंच. बाकी नाटकाबद्दल ती काही बोलली नाही.

जब्बार पटेलांचा 'उंबरठा' १९८२ चा. तो शांता निसळांच्या 'बेघर' या कादंबरीवर आहे, आणि मला ही दोन नावं शेजारी ठेवून बघायला फार आवडतं. कादंबरी म्हणते बेघर, सिनेमा म्हणतो उंबरठा, गोष्ट एकच. सुलभा चांगलं घर, नवरा, लहान मुलगी सोडून बायकांच्या आधारगृहाची सुपरिंटेंडेंट म्हणून जाते. जिथे ती जाते तिथे सगळ्या घर नसलेल्या बायका, आणि त्यांना सांभाळता सांभाळता तिचंच घर तिच्या मागे दार लावून घेतं. परत येते तर नवऱ्याने दुसरी जवळ केलेली. स्मिता पाटीलचा तो चेहरा. मी तो सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिचा राग आला होता, मुलीला सोडून कशी गेली म्हणून. मुलगी झाल्यावर परत पाहिला तेव्हा राग त्या घराचा आला. जाताना सगळ्यांनी जाऊ दिलं की, मग यायचं दार कोणी बंद केलं?

'गर्म हवा' मी लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काइव्हच्या थिएटरमध्ये पाहिला. एम. एस. सथ्यूंचा, १९७३ चा, फाळणीनंतरचं आग्रा. हवेली मोठ्या भावाच्या नावावर, तो पाकिस्तानात जातो, आणि धाकटा भाऊ, बलराज साहनींचा सलीम मिर्झा, ज्याला कुठेही जायचं नाहीये, त्याच्याकडून ती हवेली जाते. सगळे निघतात आणि म्हातारी आई मात्र अंधाऱ्या कोठीत लपून बसते. तिला उचलून बाहेर आणावं लागतं. पुढे ती मरायला टेकते तेव्हा तिला पालखीतून परत त्याच हवेलीत नेतात, आता तिथे दुसरेच राहतायत, आणि तिला आठवतं ते नवरी म्हणून याच दारातून आत आल्याचं. तिथे ती प्राण सोडते. कागद भावाच्या नावाचा, खटपट मुलाची, पण हवेली कोणाची होती हे त्या म्हातारीला बघून कळतं. आणि यात आणखी एक गोष्ट आहे जी माझ्या मनातून जात नाही. ती हवेली घेणारा अजमानी स्वतः सिंधमधून सगळं टाकून आलेला आहे. आपल्या पिंपरीला १९४७ नंतर आलेली सिंधी कुटुंबं आठवा. त्यांनाही कधीतरी कोणीतरी मूळचे कुठले विचारलं असेल, आणि त्यांच्या उत्तरातलं गाव आता दुसऱ्या देशात आहे.

त्याच रस्त्यावर, फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, साठच्या दशकाच्या मध्यात ऋत्विक घटक शिकवायला होते. जन्म ढाक्याचा, घर फाळणीत पलीकडे राहिलेलं. त्यांच्या १९६१ च्या 'कोमल गांधार'मध्ये एक रेल्वेचा रूळ आहे, पद्मा नदीपाशी येऊन संपणारा. पूर्वी इथून पलीकडे जाता यायचं, आता सरहद्द. कॅमेरा त्या रुळावरून सुसाट धावत जातो, धावत जातो आणि शेवटच्या अडसरापाशी पडदा काळा होतो. मला बंगाली येत नाही, पण त्या काळ्या पडद्यासाठी भाषा लागली नाही. मला वाटतं तो कॅमेरा नव्हताच, तो पाय होता, घरी जायची सवय असलेला, ज्याला कोणी सांगितलं नव्हतं की रूळ आता पुढे नाहीये.

आईचं आवडतं पुस्तक मात्र यातलं कुठलंच नाही. तिचं पुस्तक 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई टिळकांनी किती घरं बदलली त्याला गणती नाही, आणि नवरा असा की घरातलं असेल ते देऊन मोकळा, त्यात १८९५ ला तो ख्रिस्ती झाला आणि मग तर घर, जात, नाती, सगळ्याचीच फारकत. पुढे पाच वर्षांनी त्याही झाल्या. पण त्यांचं लिहिणं वाचताना कुठेही बेघर बाई दिसत नाही, जिथे चूल मांडतील तिथे त्यांचं घर. आई बदल्यांच्या दिवसांत ते पुस्तक ट्रंकेत सगळ्यात वर ठेवायची, नव्या गावी ट्रंक उघडली की पहिलं तेच हाताला यायला पाहिजे म्हणून. आधी देव निघायचे असं मी इतर घरांत ऐकलंय. आमच्याकडे आधी लक्ष्मीबाई, मग देव, मग पोळपाट.

वाडा सोडायच्या दिवशी ती शांत होती. सामान टेम्पोत गेलं, तिने दोन्ही खोल्या झाडल्या, पाडायच्या खोल्या, मी म्हटलं अगं कशाला, तर म्हणाली केर ठेवून जाऊ नये. मग तिन्ही उंबरठ्यांवर हळद-कुंकू वाहिलं आणि मधल्या उंबरठ्यावर बसली. त्यावर बसायला आम्हाला लहानपणी सक्त मनाई होती, उंबरठ्यावर बसायचं नाही, तिथे उभं राहून शिंकायचं नाही, देणं-घेणं करायचं नाही, आणि ती स्वतः आयुष्यात पहिल्यांदा तिथे बसली, पाच मिनिटं, एक पाय खोलीत आणि एक पाय स्वयंपाकघरात. मी काही बोलले नाही.

पंधरा दिवसांनी मला तो उजनीचा म्हातारा आठवला, आणि मी साइटवर गेले, म्हटलं एक उंबरठा मिळाला तर बघावं. पाडकाम सुरू झालेलं होतं, वाड्याचं सगळं लाकूड लॉटमध्ये आधीच विकलं गेलं होतं. तिथला माणूस चांगला होता, म्हणाला ताई, आधी फोन केला असता तर बाजूला काढून ठेवला असता. चूक माझीच, मला पंधरा दिवस उशिरा सुचलं. जिन्याची भिंत अर्धी उभी होती. पाण्याची रेघ जिथे होती तिथवर बरोबर ती पाडलेली होती, किंवा मला तसं वाटलं.

आईला हे सांगितलं नाही. धायरीला येताना वाटेत कुंकवाची डबी तेवढी घेतली.

सात महिने मी दर रविवारी जाते आणि बोलता बोलता तिचा पाय बघते. नवीन घराचा प्लॅन आलाय, सहावा मजला, तिने तो चष्मा लावून बघितला आणि विचारलं, चूल पूर्वेला येते का. मग परत घडी घालून 'स्मृतिचित्रे'त ठेवून दिला.

परवाच्या रविवारी ती स्वयंपाकघरातून चहाचे दोन कप घेऊन आली. दारात आली, मी बघत होते. पाय उचलला नाही. सरळ चालत हॉलमध्ये आली, टाइल्सवरून टाइल्सवर, कप टीपॉयवर ठेवले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "काय झालं गं? घे ना, गार होईल."